कॅप्टनचा उजवा कान

खासगी विमानाच्या वैमानिकाचं मुख्य काम म्हणजे वाट बघणं. मधूनमधून विमानही चालवावं लागतं, पण तो काही रोजचा भाग नाही. मालक बैठकीत असतात, मालक जेवतात, जेवून पुन्हा बैठकीत जातात, निघता निघता मालकीणबाईंना आपले बूट अपशकुनी वाटायला लागतात. आणि कॅप्टन आपला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या मिरवत, विमान ठेवायच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो. आमच्या कॅप्टनचं निम्मं आयुष्य त्या खुर्चीत गेलं होतं.

माणूस उंच, विमान ठेंगणं. वर्षानुवर्षं त्या बुटक्या दारातून वाकून आतबाहेर केल्यामुळे कॅप्टनच्या मानेला जो बाक आला, तो घरीदारीही जात नसे. शेजाऱ्यांना वाटे, केवढा नम्र माणूस! बायको म्हणायची, नम्र कसला, त्याला छत दिसतं सगळीकडे.

मालकांचा फरशांचा कारखाना होता. बाथरूमच्या, स्वयंपाकघराच्या, इस्पितळाच्या, न घसरणाऱ्या, न फुटणाऱ्या अशा सगळ्या फरशा. मालक मनाने वाईट नव्हते, हाताने होते. राग आला की शब्द जुळवायला त्यांना वेळ लागे, हात आधी पोचायचा. फावड्याएवढा उजवा पंजा, त्यात दोन जाड अंगठ्या, आणि तो सरळ समोरच्याच्या डाव्या कानावर. नोकरमंडळी या प्रकाराला 'सही' म्हणत. आज स्वयंपाक्यावर सही झाली, माळ्यावर सही होता होता राहिली, अशी बातमी संध्याकाळपर्यंत फाटकापर्यंत यायची. दुसऱ्या दिवशी सही झालेल्याच्या घरी फळांची करंडी जायची, मालकांच्या कार्डासकट. करंड्या पाठवणं सेक्रेटरीबाईंकडे होतं, कारण राग उतरला की मालकांची पाटी कोरी. आपण कुणाला मारलं हे त्यांना बाईंनाच विचारावं लागे.

सगळ्यात जास्त करंड्या ड्रायव्हरकडे गेल्या होत्या. त्याच्या पोरांना फळं आवडेनाशी झाली होती. हा ड्रायव्हर म्हणजे दांडगा, अबोल गडी. डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकूच यायचं नाही, म्हणून कुणी बोलायला लागलं की तो उजवा गाल पुढे करायचा.

मालकांनी एकट्या कॅप्टनला कधी हात लावला नव्हता. त्यांचा हिशेब साधा होता. हा माणूस आपल्याला उचलून ढगांच्या वर नेतो, आणि तिथे आपलं ऐकणारं दुसरं कोणी नसतं, तेव्हा जमिनीवर याच्याशी जपून असावं. कॅप्टनही आपल्या नशिबावर खूश होता. कुणावर सही व्हायची वेळ आली की तो विमानाची चाकं तपासायला खाली वाकायचा. त्या विमानतळावर इतकी निगा राखलेली चाकं दुसऱ्या कुठल्याही विमानाला नव्हती.

अशा या सुखात माती कालवली ती मेहुण्याने.

मेहुणा त्याच विमानतळावर दलाली करायचा. कुणाला तासाभरात विमान हवं असतं, कुणाच्या विमानाला वैमानिक हवा असतो, आणि मेहुण्याच्या दोन्ही कानांना दोन फोन लागलेले असतात. त्याला कॅप्टनचं हे खुर्चीत बसणं बघवत नसे. दाजी, महिन्यातले वीस दिवस तुम्ही बसून असता, तो म्हणायचा. तुमच्याच जातीची विमानं गावात चार आहेत, त्यांचे वैमानिक आजारी पडतात, त्यांच्या घरी लग्नं निघतात. एक दिवस गेलात तर मालकाच्या पंधरवड्याच्या पगाराएवढं घेऊन याल. करारात मनाई आहे, असं कॅप्टन म्हणाला. मेहुणा हसला. करारात तर मालकाने सभ्यपणे वागावं असंही आहे, म्हणाला.

बायकोचं मत वेगळं होतं. ती दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात बघून बघून तिला माणसं ओळखायची सवय झाली होती. "पैसे मिळतील हो," ती म्हणाली, "पण सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचं विमान चालवणारा माणूस झोपणार कधी? आणि तुमच्या मालकांना कळलं तर ते नोकरीवरून काढतील की आधी कानाखाली काढतील, तेवढं विचारून घ्या तुमच्या लाडक्या मेहुण्याला."

पण धाकटीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर होता आणि कॅप्टनला खुर्चीचाही कंटाळा आला होता. तो गेला. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या मांजरांसकट नेऊन पोचवलं. नंतर एका वकिलाला, तो वाटभर झोपला. हातात पाकिटं आली. घरात नवं कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि बायकोही गप्प झाली. कॅप्टनला एकच टोचणी लागून राहिली. दुसऱ्याच्या विमानाच्या शिडीवर पाय ठेवला की तो आधी मागे वळून बघायचा. आपल्या शहाण्यासुरत्या बायकोला फसवून कुणाकडे चोरून जाणाऱ्या माणसाचं होतं, तसं त्याचं व्हायचं.

मग मालकांची कंबर धरली. डोंगरातल्या कुठल्याशा आरोग्यधामात त्यांना पंधरवडाभर पडून राहायचं होतं. निघायच्या सकाळी शेडमध्ये मोठंच रण माजलं. विमानातल्या त्यांच्या खुर्चीवर कुणाच्या तरी पोराने चॉकलेट सांडलेलं निघालं. मालकांनी सफाईवाल्यावर सही केली, मध्ये आला म्हणून सामान उचलणाऱ्यावर केली, आणि मग उगाचच, गाडीचं दार उघडून उभ्या असलेल्या ड्रायव्हरवर दोनदा केली. दुसऱ्या फटक्याला अंगठी लागून ड्रायव्हरच्या कानाची पाळी चिरली, रक्त कॉलरमध्ये उतरलं. तो दार धरून तसाच उभा. मालकांचे डोळे तांबारलेले, समोर कोण आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. कॅप्टन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पुढच्या चाकापाशी वाकलेला होता. विमान वर गेल्यावर मालक लहान मुलासारखे झोपले. त्यांना सोडून कॅप्टन रिकामं विमान घेऊन परत आला, आणि खाली उतरतो न उतरतो तोच मेहुण्याचा फोन.

लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याचं विमान होतं. व्यापारी दूरच्या शहरात इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होता, त्याच्या दोन मुलांना तिकडे पोचवायचं. त्यांचा नेहमीचा वैमानिक अचानक रजेवर गेला होता. आता कुणी आपली पोरगी बिजवराला देताना, पहिली बायको कशाने गेली, हे विचारल्याशिवाय राहील का? पण बाहेरची कामं घेणारे वैमानिक ते विचारत नाहीत. रिकामी जागा दिसली की त्यांना ती आपल्यासाठीच रिकामी झालीय असं वाटतं. कॅप्टनने हो म्हटलं.

प्रत्येक खासगी विमानात एक खुर्ची मालकाची असते. उजव्या अंगाची, पुढे तोंड करून असलेली, पाय लांब करता येतील अशी. मालक नसला तर तिच्यात कोणी बसत नाही. थोरला भाऊ विमानात आधी चढला आणि वडिलांच्या त्या खुर्चीत बसला. धाकटा मागच्या खुर्चीत बसला. विमान ढगांच्या वर जाऊन स्थिर झालं. मग थोरला मागे हात धुवायला गेला, आणि परत येऊन बघतो तर धाकटा खुर्चीत, पाय लांब करून.

पुढचं सगळं सहवैमानिक मुलीने मान वळवून पाहिलं. कॅप्टनच्या थोरल्या लेकीएवढी पोर, तिला विमानाची सगळी बटणं माहीत होती, माणसांची अजून व्हायची होती. थोरल्याने धाकट्याला केसाला धरून उचललं. धाकट्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. पडता पडता थोरल्याने घडीचं टेबल धरलं ते बिजागऱ्यांसकट उपटून आलं, तेच त्याने धाकट्याच्या खांद्यावर आपटलं. बर्फाचं स्टीलचं भांडं होतं. ते धाकट्याच्या तोंडावर बसलं आणि त्याचा पुढचा दात दुधी रंगाच्या चामड्यावर उडाला. धाकट्याने उरलेल्या दातांनी भावाच्या मनगटाचा लचका तोडला. दोघंही एकमेकांना आईवरून शिव्या देत होते. आई एकच आहे याचं भान तेव्हा दोघांनाही नसावं.

"सर, ते मारामारी करतायत," मुलगी म्हणाली.

"ऐकू येतंय," कॅप्टन म्हणाला. आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्याने उजव्या कानावरचा हेडफोन मागे सरकवला होता. ही वैमानिकांची जुनी खोड. एका कानात आभाळ, दुसऱ्या कानात शेजारचा माणूस.

आत पट्टे बांधून बसा म्हणून त्याने ध्वनिक्षेपकावर सांगितलं. त्याचं फळ म्हणजे पडदा फाडून धाकटा कॉकपिटमध्येच घुसला. तोंडातून रक्ताची लाळ गळतेय, गळ्यात भावाने आवळलेला टाय, आणि तक्रार शाळेतल्या पोराची. "याला खाली उतरवा," तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता उतरवा."

मुलगी म्हणाली, "इथे?"

तिने ते अगदी सरळपणे विचारलं होतं. पण धाकट्याला ती चेष्टा वाटली. ती लांब बसलेली, कॅप्टन हाताशी. त्याने मागून सगळा जोर लावून जी चपराक हाणली ती बरोबर उघड्या उजव्या कानावर. कॅप्टनच्या डोक्यात कुणीतरी फुगा फोडल्यासारखा आवाज झाला आणि मग त्या बाजूचं जगच बंद पडलं. तेवढ्यात मागून थोरल्याने धाकट्याचे पाय ओढले. पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. धाकट्याच्या हाती कॅप्टनसमोरचं सुकाणू आलं. घंटा वाजायला लागल्या आणि विमानाने नाक खाली घातलं.

कॅप्टनने आजवर कुणावर हात उगारला नव्हता. त्या क्षणी त्याने उजवीकडे वळून कोपर असं काही मारलं की धाकट्याचं नाक काडकन मोडलं. सुकाणू सुटलं. "पट्टा आवळ," तो मुलीला म्हणाला, आणि मग त्याने पोतं झटकावं तसं ते विमान झटकलं. आधी नाक दाबलं. तसे दोघे भाऊ जमिनीवरून उठले आणि छताला जाऊन भिडले, दिव्यांच्या काचा फोडत. मग त्याने नाक उचललं. दोघे वरून खाली आले ते एकावर एक. थोरल्याचं गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज कॅप्टनला चांगल्या कानाने ऐकू आला.

वडिलांची खुर्ची रिकामी होती, आणि दोन्ही चिरंजीव तिच्या पायाशी विव्हळत पडले होते. मेहुण्याने नंतर सांगितलं, की दोघांना चाकाच्या खुर्च्यांवरून वडिलांसमोर नेलं, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे उघडून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. पैशांचं विचारलं तर मेहुणा जरा घुटमळला. भावांचं म्हणणं असं होतं, की छताची दुरुस्ती वैमानिकाच्या पैशातून कापून घ्यावी.

डॉक्टरने कानात बघितलं आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. आपला आपण भरला तर भरेल, नाही तर शस्त्रक्रिया. तोवर विमानात पाऊल नाही. कॅप्टनला सगळं लख्ख दिसायला लागलं. मालकांना आणायला आता तो जाऊ शकणार नव्हता. का, म्हणून विचारणार. बाहेरचं काम कळलं की नोकरी गेली, आणि फाटक्या कानाच्या वैमानिकाला दुसरं कोण दारात उभं करतं? जिच्या जिवावर घर चाललं होतं, ती नोकरी एका चामडी खुर्चीपायी जाणार होती.

खोटं काय सांगायचं ते नीट न ठरवताच त्याने सेक्रेटरीबाईंना फोन लावला. कानाचा पडदा फाटलाय, एवढंच तो बोलला. पलीकडून बाईंचा आवाज आला, "अरेरे. तुम्हालासुद्धा?" आणि तो काही म्हणायच्या आत त्यांनी हळहळत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरी फळांची करंडी आली. ड्रायव्हरकडे जायची त्याच्या तिप्पट. पेअर, अननस, कागदात गुंडाळलेली कसलीशी महागडी बोरं. सोबत मालकांच्या हातची चिठ्ठी. लिहिलं होतं, मला काही आठवत नाही, पण माझ्या हातून हे व्हायला नको होतं. बरे होईपर्यंत घरी राहा, पगार चालू आहे.

कॅप्टन करंडीकडे बघत बसला. तोंडातून एक अक्षर खोटं न बोलता नोकरी वाचली होती.

"मारलं नाही तरी क्षमा मागतायत, चांगले आहेत की," बायको म्हणाली. मग तिने त्याच्या कानातल्या कापसाकडे बोट केलं. "पण एक सांगते. ते उजव्या हाताने मारतात ना? मग समोरच्याचा डावा कान फुटतो. तुमचा उजवा आहे. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही का?"

कुणाच्याच आलं नव्हतं. जो तो आपापला कान चाचपत होता. ही बातमी बंगल्यात, कारखान्यात, विमानतळावर वाऱ्यासारखी फिरली. मालकांनी कॅप्टनवर सही केली म्हणे. इतके दिवस नोकरमंडळींना वाटे, मार खाणारे आपण खालच्या पायरीचे, मार पदाला पडतो. आता वरच्या पायरीवरही पडला म्हटल्यावर मार पदाला नाही, माणसालाच पडतोय, हे जणू त्यांना पहिल्यांदा कळलं. ड्रायव्हर संध्याकाळी भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने उजवा गाल पुढे केला, कॅप्टन काय सांगतोय ते ऐकायला. कॅप्टनने काही सांगितलं नाही. बरं आहे आता, एवढंच म्हणाला. ड्रायव्हरने मान हलवली, करंडीकडे बघितलं आणि उठून गेला.

मालक आरोग्यधामातून परतले त्याच्या दुसऱ्या सकाळी गाडी दारात उशिरा लागली. मालकांनी हात उचलला. ड्रायव्हरने तो हवेतच धरला, आणि दुसऱ्या हाताची मूठ मालकांच्या तोंडावर घातली. एकदा, दोनदा. मालक पायरीवर पडले तर त्यांच्या छातीवर बसून पुन्हा घातली. इतक्या वर्षांच्या सह्या तो एकरकमी परत करत होता. मालकांचे दोन दात घशात गेले असते, पण फाटकावरचे पहारेकरी धावले. त्यांनी काठ्यांनी ड्रायव्हरला आधी सोडवला, मग पाडला, मग पडलेल्याला बडवला. बुटांच्या टाचांनी. बरगड्या मोडल्या, एक हात कोपरापासून वाकडा झाला. स्वयंपाकी नंतर सांगत होता, की ड्रायव्हरच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नाही, फक्त काठ्यांचाच येत होता.

मालकांनी पोलिसात तक्रार दिली, जीव घ्यायचा प्रयत्न केला म्हणून. बाकीच्यांनी काही पाहिलं नव्हतं. स्वयंपाकी स्वयंपाकघरात होता, माळी मागच्या अंगणात, सेक्रेटरीबाई फोनवर. ड्रायव्हरने पोलिसांना एकच सांगितलं, हा माणूस सगळ्यांना मारतो, कॅप्टनसाहेबांनासुद्धा सोडलं नाही, त्यांना विचारा.

म्हणून कॅप्टन ड्रायव्हरला भेटायला इस्पितळात गेला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. गप्प राहिलो तर पगार चालू राहतो. कानाचं खोटं सांगितलं तर मालक दुखावतात आणि मी खोटा ठरतो. खरं सांगितलं तर माझं नाव घेणारा ड्रायव्हर खोटा पडून बुडतो आणि माझी नोकरी जाते. कुठलाही रस्ता घ्या, शेवटी खड्डा ठरलेला.

ड्रायव्हर पट्ट्यांमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. कॅप्टनने पडदा ओढला, त्याच्या उजव्या कानाशी वाकला आणि सगळं सांगितलं. दोन भाऊ, खुर्ची, चपराक, करंडी. ड्रायव्हर ऐकत राहिला. मग त्याचा धड हात चादरीतून बाहेर आला, त्याने कॅप्टनचा शर्ट गळ्यापाशी मुठीत धरला आणि ओढला. गुंडी तुटली. कॅप्टनचा श्वास अडकला, कपाळ पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं.

"तुम्ही माझ्यासमोर बसला होता," ड्रायव्हर म्हणाला. "मी कान पुढे केला होता."

नर्सने येऊन ती मूठ सोडवली, एकेक बोट करून.

कॅप्टन तिथून तडक मालकांकडे गेला. कपाळावर टेंगूळ, गळ्याशी शर्ट उघडा. मालक कारखान्यातल्या खोलीत बसले होते, ओठ सुजलेले. मागच्या भिंतीवर नमुन्याच्या फरशा रांगेने बसवलेल्या. कॅप्टनला बघून ते उठले, त्यांचा चेहरा कसानुसा झाला. झोप लागत नाही, म्हणाले. वर नेणाऱ्या माणसावर हात टाकला, आता कुठल्या तोंडाने विमानात बसू?

"मालक, तुम्ही मला मारलं नाहीत," कॅप्टन म्हणाला. "तुमचा हात उजवा, माझा फाटलेला कान उजवा. बघा करून."

मालकांनी खरंच हवेत हात फिरवून बघितला. एकदा, दुसऱ्यांदा जरा सावकाश. हात दर वेळी डाव्या बाजूला येत होता. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मग कॅप्टनने बाकीचं सांगितलं. लाकडाच्या व्यापाऱ्याचं विमान, मेहुणा, त्याआधीचा वकील, मांजरवाल्या बाई, सगळं. आणि शेवटी म्हणाला, "माझ्यावर नाही झाली. पण त्याच्यावर झालेली प्रत्येक सही मी हातभरावरून पाहिलीय. पोलिसांना मी तेवढं सांगणार आहे."

मालकांना कळायला थोडा वेळ लागला. मारलं नाही याचा आनंद चेहऱ्यावरून पुरता उतरलाही नव्हता, तोच खालून राग चढत आला. माझा वैमानिक दुसऱ्याला नेत होता! वर माझ्याविरुद्ध बोलणार! शब्द सापडेनात, तेव्हा हात निघाला. या खेपेला डाव्या कानाचा नेम होता, म्हणजे कॅप्टनच्या उरल्यासुरल्या कानाचा. पण उभा जन्म बुटक्या दारांतून वाकून काढलेला माणूस. त्याची मान आपोआप खाली गेली. मालकांचा पंजा सगळ्या अंगच्या जोराने भिंतीवर बसला, नमुन्याच्या फरशीवर.

फरशी न फुटणाऱ्यांपैकी होती.

मालक मटकन खाली बसले आणि हात पोटाशी धरून रडायला लागले. पंजाची हाडं कातडीखालून भलतीकडेच वर आली होती. हाक मारायला ड्रायव्हर नव्हता. कॅप्टनने त्यांना उठवलं, खांद्याचा आधार देत गाडीत बसवलं आणि स्वतः चालवायला बसला. गाडी चालवण्याची त्याला सवय नव्हती. आभाळात रस्ता कसा मोकळा असतो. पहिल्याच वळणावर त्याने एक खांब घासला.

"नोकरी गेली तुमची," मालक मागून कण्हत म्हणाले.

"हो, मालक."

"शनिवारी मला बाहेरगावी जायचंय. कोण नेणार?"

"माझ्या मेहुण्याला सांगतो. मिळेल कुणीतरी. बाहेरची कामं घेणारे पुष्कळ असतात."

मालक हसले की कण्हले ते कॅप्टनला कळलं नाही, मागचा आवाज त्याच्या एकाच कानात येत होता. इस्पितळाच्या दाराशी त्याने मालकांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. हाड बसवताना ते ओरडले तसे लांबच्या खोलीतले रोगी उठून बसले. तोवर कॅप्टन जिना चढून वर गेला होता.

ड्रायव्हरच्या पलंगाशेजारी पोलीस अधिकारी कागद घेऊन बसला होता. ड्रायव्हरने कॅप्टनला येताना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. अधिकाऱ्याने नाव विचारलं, पत्ता विचारला. मग धंदा विचारला.

"वैमानिक," कॅप्टन म्हणाला.

"कुणाकडे?"

"सध्या कुणाकडेच नाही."

अधिकाऱ्याने 'बेकार' असं लिहिलं. कॅप्टनने ते वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही. त्याने खुर्ची पलंगाच्या दुसऱ्या अंगाला नेली, ड्रायव्हरच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला, आणि मोठ्याने, सावकाश, पहिल्या दिवसापासून सांगायला लागला.